मातीत मुरलेलं तेल विहिरीत उतरण्याआधी: दूषित जमीन साफ करण्याची पद्धत, पायरीपायरीने

एक लिटर पेट्रोल जमिनीत मुरलं तर किती पाणी नासू शकतं? हिशेब सोपा आहे. पेट्रोलमध्ये बेंझिन हे कर्करोग घडवणारं रसायन एक टक्का धरलं, तर लिटरमागे ते सातएक ग्रॅम भरतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या बेंझिनची मार्गदर्शक मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. म्हणजे हे सात ग्रॅम सात लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन भिडवू शकतात. सगळं बेंझिन पाण्यात उतरत नाही, बरंचसं उडून जातं, थोडं जिवाणू खातात, हे खरं. पण जमिनीत पुरलेल्या टाकीच्या तळाशी सुईएवढं भोक पडलं असेल आणि दोन वर्षं ते कुणाच्या लक्षातच आलं नसेल, तर गोष्ट एका लिटरवर थांबलेली नसते.

या कामात पैसा आणि वर्षं वाया जाताना मी पुष्कळदा पाहिली आहेत. कारण बहुतेक वेळा एकच असतं: घाण नेमकी कुठे बसली आहे हे कळायच्या आत जेसीबी लावला जातो. खड्डा दिसतो, काम सुरू झाल्यासारखं वाटतं, आणि खरी घाण बाजूलाच राहून जाते. म्हणून या लेखात खोदकाम बरंच उशिरा येतं. हे काम तज्ज्ञांशिवाय होणार नाही, पण जागा तुमची असेल किंवा शेजारची विहीर तुमची असेल, तर तज्ज्ञाला काय विचारायचं आणि त्याच्या अहवालात काय शोधायचं हे तुम्हाला माहीत असायलाच हवं.

पायरी १: आधी गळती थांबवा

टाकी गळत असेल तर ती उपसून रिकामी करा, पाइपलाइन बंद करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती तळघरात, गटारात, चेंबरमध्ये साचून राहते, म्हणून ठिणगी उडेल असं कोणतंही यंत्र तिथे चालवू नका, साधं विजेचं बटणसुद्धा दाबू नका. वास येत नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका. काही वाफांची नाकाला सवय होते आणि काही रसायनं वास येण्याच्या आधीच घातक पातळीला पोचलेली असतात.

सांडलेल्या तेलावर पाणी मारून जागा धुऊन काढणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. त्या पाण्याबरोबर तेल आणखी खोल जातं. कोरडी वाळू टाका, ती भरून घ्या, तेलकट माती जाड प्लास्टिकवर ठेवा आणि वरून ताडपत्री घाला. पाऊस येणार असेल तर ताडपत्री हेच त्या दिवसाचं सर्वांत मोलाचं काम.

आसपासच्या विहिरींचं पाणी पिणं तपासणी होईपर्यंत थांबवा आणि पर्यायी पाण्याची सोय करा. नळाचं पाणी येत असेल तर पाइप कशाचा आहे तेही पाहा. नेदरलँड्समधल्या लेकरकेर्क या गावात रासायनिक कचऱ्याने भरलेल्या जमिनीवर वसाहत उभी राहिली होती. १९८० मध्ये ते प्रकरण उघडकीला आलं तेव्हा टोल्युइनसारखी द्रावकं जमिनीतल्या प्लास्टिकच्या नळांमधून थेट पिण्याच्या पाण्यात शिरत असल्याचं दिसलं. सरकारला शेकडो कुटुंबं हलवावी लागली. विहीर लांब आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, ते यासाठी.

पायरी २: जागेचा इतिहास खोदा, जमीन नंतर

जुने नकाशे, जुनी हवाई छायाचित्रं, खरेदीखतं, टाक्यांच्या जागा, कोणता माल कधी वापरला याच्या नोंदी गोळा करा. पण सर्वांत उपयोगी माहिती बहुधा तिथे वीस-तीस वर्षं काम केलेल्या माणसाकडे मिळते. ‘धुतलेलं तेल कुठे ओतायचात?’ हा प्रश्न त्याला आरोप न करता विचारा. तो हात करून जागा दाखवतो, आणि ती जागा कुठल्याच नकाशावर नसते.

इतिहास कागदावर असूनही दुर्लक्षित राहिला तर काय होतं, याचं सर्वांत कडू उदाहरण अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉलचं आहे. अर्धवट सोडलेल्या कालव्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला गेला. १९५३ मध्ये ती जमीन एका डॉलरला शाळेसाठी दिली गेली आणि आत रासायनिक कचरा असल्याचा उल्लेख त्या दस्तातच होता. तरी तिथे शाळा झाली, घरं झाली. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. दूषित जागांच्या सफाईचा ‘सुपरफंड’ कायदा अमेरिकेने १९८० मध्ये केला, त्यामागे हे प्रकरण होतं.

पायरी ३: जमिनीच्या पोटातलं चित्र काढा

हे कागदावर पेन्सिलीने काढलेलं उभं छेदचित्र असलं तरी चालेल. वर माती, मग वाळू किंवा चिकणमातीचे थर, त्याखाली भूजल पातळी आणि खडक. आता त्यात द्रव कसा जाईल ते पाहा.

पेट्रोल आणि डिझेल पाण्यापेक्षा हलकं. ते भूजल पातळीपर्यंत उतरतं आणि तिथे अडतं, पसरतं. पण भूजल पातळी वर्षभर एका जागी राहत नाही. पाणी खाली गेलं की तेलही त्याच्या मागे खाली जातं, पाणी वर आलं की काही तेल मातीच्या कणांमध्ये अडकून पाण्याखालीच राहतं. अशा रीतीने दोन-तीन मीटर जाडीचा तेलाने माखलेला पट्टा तयार होतो. ड्रिलिंगमधून निघालेली मातीची कांडी उभी चिरून पाहिली की तो पट्टा डोळ्यांना दिसतो. वरची तांबूस-तपकिरी माती अचानक राखाडी, हिरवट होते, कारण तिथला प्राणवायू जिवाणूंनी संपवलेला असतो आणि लोहाचा रंग बदललेला असतो. त्या मातीचा चमचाभर तुकडा काचेच्या बरणीत पाण्याबरोबर हलवा. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग आला तर तिथे मोकळं तेल आहे. ही साधी चाचणी जागेवर खूप काही सांगून जाते.

ट्रायक्लोरोइथिलीनसारखी धातू धुण्याची द्रावकं उलटी वागतात. त्यांची घनता पाण्याच्या जवळजवळ दीडपट. भूजल पातळीवर न थांबता ती खाली बुडत जातात आणि चिकणमातीच्या थरावर किंवा खडकाच्या खाचेत डबकी करून बसतात. अशा जागी चिकणमातीचा थर बेफिकिरीने भेदून बोअर मारलं, तर तुम्ही स्वतःच त्या डबक्याला खालच्या स्वच्छ जलधरात, म्हणजे पाणी धरणाऱ्या थरात, उतरायची वाट करून देता. ड्रिलिंगवाल्याला हे आधी सांगा, कारण त्याला सवय असते पाणी लागेपर्यंत खाली जायची.

तिसरी गोष्ट म्हणजे विरघळलेला भाग. तो भूजलाच्या उताराबरोबर शेपटीसारखा लांबत जातो. किती वेगाने? हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये दिलेला नियम इथे पुरतो: थराची पाणी वाहू देण्याची क्षमता गुणिले भूजलाचा उतार, भागिले सच्छिद्रता (थरातल्या पोकळीचं प्रमाण). वाळूची क्षमता दिवसाला १० मीटर, उतार हजार मीटरला २ मीटर, सच्छिद्रता ०.२५ असेल तर वेग येतो दिवसाला ८ सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला २९ मीटर. त्याच उतारावर घट्ट चिकणमातीत पाणी वर्षाला मिलिमीटरभरही सरकत नाही. भेगाळ खडकात मात्र हा हिशेब फसतो. तिथे पाणी भेगेच्या दिशेने जातं आणि वेग कल्पनेपेक्षा कितीतरी जास्त असू शकतो.

भूजलाची दिशा जमिनीच्या उतारावरून ठरवू नका. एका रेषेत नसलेल्या निदान तीन विहिरींतली पाण्याची पातळी एकाच दिवशी, एकाच आधारबिंदूपासून मोजा, मगच दिशा कळते. आणि शेजारी मोठा पंप चालू असेल तर ती दिशा बदललेली असते.

पायरी ४: नमुने

इथली चूक पुढच्या सगळ्या कामाला भोवते, म्हणून थोडं थांबून सांगतो.

मातीत शिसं किंवा क्रोमियम शोधायचं असेल तर चार-पाच जागांची माती एकत्र कालवून मिश्र नमुना चालतो. बेंझिन किंवा द्रावकं शोधायची असतील तर अजिबात चालत नाही. कालवताना ती उडून जातात आणि प्रयोगशाळा प्रामाणिकपणे ‘आढळले नाही’ लिहून पाठवते. तो नमुना कांडी उघडल्या उघडल्या, क्षणाचाही उशीर न करता घ्यायचा.

पाण्याचा नमुना ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत, काठोकाठ भरून. झाकण लावून कुपी उलटी करा, बोटाने टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर तो नमुना टाकून द्या आणि पुन्हा घ्या. त्यात आधीच हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब असतात, त्यामुळे जिवाणू थांबतात. बर्फावर, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवला तर १४ दिवसांत तपासणी चालते. विरघळलेल्या धातूंसाठी पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून मग नायट्रिक आम्ल घालतात. उलट केलं, म्हणजे आधी आम्ल आणि मग गाळणं, तर गढूळ कणांमधला धातूही पाण्यात उतरतो आणि आकडा फुगतो. सहा-संयुजी क्रोमियमच्या (क्रोमियमच्या जास्त विषारी रूपाच्या) नमुन्यात आम्ल घालायचं नसतं, नाहीतर त्याचं रूपच बदलतं.

दर खेपेला स्वच्छ पाण्याची एक कुपी प्रवासाला बरोबर पाठवा आणि एक नमुना दुहेरी घ्या. प्रवासातल्या कुपीत बेंझिन निघालं, तर घाण जमिनीतून आली की गाडीच्या डिकीतून, हे कळतं.

पायरी ५: निरीक्षण विहिरी

साधी बोअरवेल आणि निरीक्षण विहीर यांत फरक आहे. निरीक्षण विहिरीला ठरावीक खोलीवरच चिरांची जाळीदार नळी असते, भोवती धुतलेली वाळू, तिच्यावर बेंटोनाइटचा, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीचा थर आणि वर जमिनीपर्यंत सिमेंटचं ग्राऊट (ओतून भरायचं पातळ मिश्रण). हा बेंटोनाइटचा थर पातळ किंवा अर्धवट राहिला, तर पावसाचं दूषित पाणी नळीच्या बाजूने खाली उतरतं आणि तुम्ही स्वतःच नवी वाट तयार करता. पेट्रोल-डिझेलच्या जागी जाळीचा भाग भूजल पातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे असला पाहिजे. जाळी पूर्णपणे पाण्याखाली असेल तर तरंगणारं तेल विहिरीत येतच नाही.

निदान एक विहीर घाणीच्या वरच्या अंगाला, म्हणजे भूजल जिकडून येतं तिकडे हवी, तुलनेसाठी. बाकीच्या खालच्या अंगाला आणि बाजूंना. पाणी काढताना बादली बुडवून ढवळू नका. मिनिटाला अर्ध्या लिटरहून कमी वेगाने पंप करा आणि सामू (पीएच), विद्युतवाहकता, प्राणवायू हे आकडे स्थिर झाल्यावरच कुपी भरा.

पायरी ६: किती साफ करायचं ते ठरवा

घाणीचा स्रोत, तिची वाट आणि शेवटी असलेला माणूस किंवा विहीर, हे तिन्ही जोडलेले असतील तेव्हा धोका असतो. वाट तोडली तरी धोका थांबतो, पण वाट पुन्हा जुळू शकते, म्हणून माझा कल नेहमी स्रोत काढण्याकडे असतो. मुलं खेळणार असतील, भाजी लावायची असेल, वर घर बांधायचं असेल तर मर्यादा कडक. घराखाली वाफ साचण्याचा विचार कित्येक अहवालांत सुटलेला असतो. तो मुद्दाम विचारा.

पायरी ७: मातीवर उपाय

माती उकरून नेणं हा सर्वांत झटपट उपाय. घाण उथळ असेल, जागा छोटी असेल आणि खालची सीमा माहीत असेल तर तो उत्तम. खड्ड्याच्या तळाचे आणि चारही भिंतींचे नमुने घेतल्याशिवाय मात्र भराव टाकू देऊ नका. एका जागी मी नेमकं हेच घडताना पाहिलं. खड्डा खोल होता, तळाचा अहवाल स्वच्छ होता, नवी माती भरून काम संपलं. पाऊस झाल्यावर भूजल वर आलं आणि शेजारच्या निरीक्षण विहिरीचं झाकण उघडताच डिझेलचा भपकारा आला. माखलेला पट्टा खड्ड्याच्या भिंतीपलीकडे तसाच होता. भिंतीचा नमुना कुणी घेतलाच नव्हता.

पेट्रोलसारखं उडणारं तेल वाळूत असेल तर जमिनीतली हवा पंपाने ओढून कार्बनमधून गाळणं चांगलं चालतं. डिझेलला हवा पुरवून जिवाणूंकडून खाववणं बरं. कारण साधं आहे: एक ग्रॅम तेल जाळून संपवायला जिवाणूंना साधारण तीन ग्रॅम प्राणवायू लागतो. लिटरभर पाण्यात तो विरघळतो जेमतेम आठ-नऊ मिलिग्रॅम, तर लिटरभर हवेत असतो पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणून पाण्याखालची घाण इतकी रेंगाळते आणि बाहेर काढून रचलेला ढीग लवकर साफ होतो.

तो ढीग कसा रचायचा? जाड प्लास्टिकचं अस्तर, एका बाजूला उतार, खाली झिरपणारं पाणी गोळा करायला खड्डा. मातीतले दगड काढा, ढेकळं फोडा, भुसा किंवा काडीकचरा मिसळून ती भुसभुशीत करा. आत भोकं पाडलेले पाइप घाला किंवा ढीग मीटर-दीड मीटर उंचीचा ठेवून दर दोन आठवड्यांनी उलथा. जिवाणूंसाठी कार्बन, नत्र, स्फुरद यांचं प्रमाण १००:१०:१ च्या जवळ धरतात. १० घनमीटर माती म्हणजे अंदाजे १६ टन. किलोला ५,००० मिलिग्रॅम डिझेल असेल तर ढिगात ८० किलो तेल, म्हणजे ६८ किलो कार्बन. त्याला नत्र लागेल सुमारे ७ किलो, म्हणजे युरिया १५ किलोच्या आसपास, आणि स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट १० किलो. हे एकदम ओतू नका. चार-पाच हप्त्यांत, पाण्यात कालवून द्या, नाहीतर क्षारांनी जिवाणूच मरतात. मुठीत दाबली की माती गोळा व्हावी पण बोटांतून पाणी गळू नये, इतकी ओल ठेवा. सामू ६ ते ८. ताडपत्री कायम. डिझेलचा ढीग जमून आला तर काही महिन्यांत उतरतो. जड भट्टीतेल मात्र फार हळू हलतं, आणि वंगणातले काही भाग हलतच नाहीत.

स्वच्छ माती मिसळून आकडा खाली आणणं म्हणजे सफाई नव्हे. त्याने फक्त दूषित मातीचा ढीग मोठा होतो.

धातू जिवाणू खात नाहीत. त्यांना बाहेर काढायचं किंवा जागीच जखडायचं. शिशाला फॉस्फेट किंवा सिमेंटने जखडता येतं. सहा-संयुजी क्रोमियमला फेरस सल्फेटने कमी विषारी, कमी विरघळणाऱ्या त्रि-संयुजी रूपात आणता येतं. पण जिथे शिसं आणि आर्सेनिक दोन्ही आहेत तिथे फॉस्फेट टाकलं, तर ते आर्सेनिकला मातीच्या कणांवरून ढकलून पाण्यात सोडतं. एका विषाचं औषध दुसऱ्याला मोकळं करतं, म्हणून सगळ्या धातूंची तपासणी झाल्याशिवाय काहीही कालवू नये. टेरिस व्हिट्टाटा हे नेचं आर्सेनिक शोषून पानांत साठवतं हे २००१ मध्ये सिद्ध झालं. उथळ, हलक्या प्रदूषणाला ते उपयोगी पडतं, पण वर्षं लागतात, आणि कापलेली पानं हा घातक कचरा असतो. ती जनावरांपुढे किंवा खताच्या खड्ड्यात जाता कामा नयेत.

पायरी ८: भूजलावर उपाय

पाणी उपसून गाळणं हा जुना मार्ग. शेपटी अडवायला तो चांगला, संपवायला मात्र कमजोर. सुरुवातीला आकडे झपाट्याने उतरतात, मग सपाट होतात, आणि पंप बंद करताच पुन्हा चढतात, कारण चिकणमातीत शिरलेली घाण सावकाश बाहेर येत राहते. पंपाचा खर्च मंजूर करण्याआधी ‘स्रोत काढला का?’ हे विचारा.

शेपटीच्या वाटेत लोखंडाच्या चुऱ्याची भिंत पुरणं हा दुसरा मार्ग. क्लोरीनयुक्त द्रावकं लोखंडाला भिडताच मोडतात. कॅनडात बोर्डन इथे १९९१ मध्ये त्याची पहिली मोठी चाचणी झाली. जिवाणूंना खाद्य देऊनही ही द्रावकं मोडता येतात, पण क्रिया मध्येच थांबली तर व्हिनाइल क्लोराइड साचतं आणि ते मूळ रसायनापेक्षा जास्त घातक आहे. अहवालात त्याचा स्वतंत्र रकाना असलाच पाहिजे.

स्रोत निघून गेला असेल आणि खाली विहीर नसेल, तर निसर्गाला काम करू देणं हाही रीतसर उपाय आहे, पण पुरावा मागा. शेपटीच्या आत प्राणवायू आणि नायट्रेट कमी, विरघळलेलं लोह आणि मिथेन जास्त असं चित्र दिसत असेल, आणि शेपटी आखडत चालली असेल, तर जिवाणू खरोखर काम करत आहेत.

पायरी ९: वाटा बंद करा

बंद पडलेली, उघडी बोअरवेल ही भूजलात उतरणारी सरळ नळी असते. ती शोधून तळापासून वरपर्यंत बेंटोनाइट किंवा सिमेंट ग्राऊटने भरणं, हे मी सफाईइतकंच महत्त्वाचं मानतो. वरून दगडमाती लोटून भागत नाही, मधे पोकळी राहते. टाक्यांभोवतीचा बांध सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के माल मावेल एवढा हवा, आणि त्यातलं पावसाचं पाणी सोडायची झडप नेहमी बंद. टाकीत रोज डिपस्टिक (पातळी मोजायची पट्टी) घाला आणि विक्रीशी ताळा जुळवा. दर महिन्याला त्याच दिशेने तूट दिसली, तर ती तूट बहुधा जमिनीत जाते आहे.

पायरी १०: काम कधी संपलं म्हणायचं

एका स्वच्छ अहवालावर नाही. भूजल पातळी सर्वांत खाली असताना आणि सर्वांत वर असताना, अशा दोन्ही काळांत, सलग निदान दोन वर्षं आकडे मर्यादेखाली राहिले पाहिजेत. उपचार बंद केल्यानंतरचे आकडेच खरे. चालू पंपाच्या काळातला आकडा पंपाचा असतो, जमिनीचा नाही.

मातीत काही शिल्लक ठेवलं असेल तर त्याची खोली, जागा आणि रसायनाचं नाव जमिनीच्या कायम नोंदीत चढवून घ्या. मग निरीक्षण विहिरी एकेक करून तळापासून ग्राऊटने भरा, केसिंग (विहिरीची नळी) जमिनीखाली मीटरभर कापा, आणि भरलेल्या प्रत्येक विहिरीचे अक्षांश-रेखांश त्याच नोंदीत लिहा.